एक ड्रॅगफ्लिकर, एक किट आणि दादा

ताई,

मी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका हॉकी क्लबचा सेक्रेटरी. स्वतः दहा वर्षं बचावात फुलबॅक खेळलो, गुडघा गेल्यावर कागदपत्रांत आलो. आमचा गोलकीपर आता ३८ वर्षांचा आहे. सगळे त्याला दादाच म्हणतात. १९ वर्षं आमच्याकडंच खेळतोय. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे, पहिली पाळी करून थेट मैदानावर येतो. गेल्या हंगामात सेमीफायनलला आम्ही ३-२ नं हरलो. एक गोल पेनल्टी कॉर्नरच्या रिबाउंडवर, म्हणजे अडवून परत आलेल्या बॉलवर गेला, दुसरा सरळ त्याच्या दोन पायांमधून. तिसऱ्याबद्दल कुणाची तक्रार नाही. तेव्हापासून पोरं कुजबुजतात की दादाचं वय झालं.

आता जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका संघानं निरोप पाठवलाय. त्यांचा गोलकीपर नोकरीसाठी पुण्याला गेला, त्यांना अनुभवी माणूस हवाय. दादा द्या, बदल्यात आमचा २० वर्षांचा ड्रॅगफ्लिकर घ्या, वर गोलकीपरचं नवं किट देतो, असं म्हणतात. आमच्याकडं ड्रॅगफ्लिकर नाही, म्हणजे पेनल्टी कॉर्नर मिळाला की बॉल स्टिकवर ओढून जोरात गोलमध्ये फेकणारा कुणी नाही. किट एकच आहे, तेही दादाच्या अंगाचं झालेलं. दुसरा गोलकीपर १९ वर्षांचा, कॉलेजचा पोरगा. चपळ आहे, पण मोठे सामने खेळलेला नाही. कमिटीत दोन तट पडलेत. तरुण म्हणतात वय बघा, व्यवहार बघा, भावना बाजूला ठेवा. जुने म्हणतात दादाला दिलं तर आम्ही मैदानावर पाय ठेवणार नाही. अध्यक्ष म्हणतात सेक्रेटरी ठरवेल. दादाला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. वय झालंय हे खरं, पण माझं मन होत नाही. द्यावा का?

– सेक्रेटरी, मंगळवार पेठ

सेक्रेटरीसाहेब,

दादाला अजून काही सांगितलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. कोल्हापुरात? कमिटीला माहीत, अध्यक्षांना माहीत, समोरच्या संघाला माहीत. तुमचं पत्र माझ्या हातात पडेपर्यंत ही बातमी मिरजकर तिकटीला चहाबरोबर चारदा उकळून झाली असणार. दादाला माहीत आहे. तो फक्त तुमच्या तोंडून कधी येतंय त्याची वाट बघतोय, आणि रोज पाळी करून येतोय, पॅड बांधतोय, तुमच्याकडं बघतोय. हे तुम्हाला जाणवत असणार, म्हणून तर मला पत्र लिहिलंत.

उत्तर आधीच सांगते म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत टांगून ठेवल्यासारखं नको. देऊ नका. पण पुढच्या हंगामात दादाच गोलमध्ये उभा राहिला पाहिजे, असंही मी म्हणत नाही. तुमच्या कमिटीनं दोन वेगळे प्रश्न एका गाठीत बांधलेत. गोलमध्ये कुणी उभं राहायचं, हा संघाचा प्रश्न. तो तुम्ही, कोच आणि कॅप्टननं बसून सोडवायचा, त्यात दादाचं मत घ्यायलाच पाहिजे असं नाही. दादानं कुठल्या क्लबाकडून खेळायचं, हा दादाचा प्रश्न. तो तुमच्या कमिटीच्या अजेंड्यावर आलाच कसा, हेच मला कळेना.

तुमचा व्यवहार वाचताना मला वडगावचा जनावरांचा बाजार आठवला. दोन माणसं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरतो, भोवतीच्या गर्दीला पत्ता लागत नाही. बैल बाजूला रवंथ करत उभा. त्याला विचारायची रीत नाही. तुमच्याकडं रुमालही आहे, बोटंही आहेत, आणि बैलाच्या जागी १९ वर्षं तुमच्यासाठी छातीवर बॉल घेतलेला माणूस आहे.

ही अदलाबदलीची भाषा आपल्याकडं टीव्हीवरून आली. अमेरिका-कॅनडात बर्फावर जी हॉकी खेळतात, तिथल्या एनएचएलमध्ये खेळाडू कराराने बांधलेला असतो आणि क्लब तो करारच उचलून दुसऱ्या क्लबाला देऊ शकतो. करारात तशी अट घालून घेतली नसेल तर खेळाडूला विचारायचं बंधन नाही. तिथला मार्क-आंद्रे फ्लेरीचा किस्सा तुमच्या तरुण मंडळींना जरूर सांगा, कारण त्यात दोन्ही बाजूंना चिमटे आहेत. वेगास गोल्डन नाईट्स हा क्लब २०१७ मध्ये नव्यानं उभा राहिला, तेव्हापासून फ्लेरी त्यांच्या गोलमध्ये. पहिल्याच हंगामात संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. २०२१ मध्ये, ३६ व्या वर्षी, त्याला लीगमधल्या सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी मिळाली. त्या हंगामात त्यानं दर हजार फटक्यांमागं ९२८ अडवले होते. ट्रॉफी मिळाल्यावर महिन्याच्या आत क्लबानं त्याला शिकागोला देऊन टाकलं. बदल्यात जो खेळाडू आला तो वेगासकडून एकही सामना खेळला नाही. खेळाशी त्या व्यवहाराचा संबंधच नव्हता. तिथं संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा असते, आणि फ्लेरीचे ७० लाख डॉलर त्यांना मोकळे करून हवे होते. क्लबानं कळवायच्या आधीच त्याला ही बातमी समाजमाध्यमांवर दिसली, असं त्याच्या एजंटनं जाहीरपणे सांगितलं.

पुढच्या हंगामात वेगास प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीलाही पोचलं नाही, क्लब सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. तुमच्या कमिटीतले जुने लोक इथं टाळ्या वाजवतील. त्यांना थांबवा, कारण त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३ ला, त्याच वेगासनं दुसऱ्या गोलकीपरवर स्टॅनले कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद जिंकलं. आणि फ्लेरी? शिकागोच्या कमकुवत संघामागं उभा राहिल्यावर तोच माणूस हजारामागं साधारण ९०८ वर आला. एका वर्षात तो म्हातारा झाला नव्हता. त्याच्या पुढची माणसं बदलली होती.

तुम्हाला पगाराची मर्यादा नाही. तुमच्या खेळाडूंना मिळतं काय? सामन्याआधी केळी आणि नंतर मिसळ. मग ज्या कारणासाठी तिकडं माणसं देतात-घेतात ते कारणच तुमच्याकडं नाही. शिवाय आपल्याकडं खेळाडू फॉर्मवर स्वतः सही करतो. दादानं पेन खाली ठेवलं तर तुमच्या ठरावाची किंमत चहाच्या बिलाएवढी.

आता वयाकडं येऊ. तुमच्या पत्रात वय तीनदा आलंय. दादानं त्या सामन्यात किती बॉल अडवले हे एकदाही आलेलं नाही.

गोलकीपरचं हे असंच असतं. फॉरवर्डनं पाच संधी घालवून एक गोल केला तर त्याला खांद्यावर घेतात, गोलकीपरनं पाच अडवून एक सोडला तर त्या एकाची गोष्ट वर्षभर चालते. म्हणून कुजबुजीवर जाऊ नका, एक शंभर पानी वही घ्या. गेल्या हंगामातले जेवढे गोल तुम्हाला आणि कोचला आठवतात तेवढे लिहून काढा, आणि प्रत्येकापुढं एवढंच लिहा: पहिल्या फटक्यावर गेला की दुसऱ्या. पहिल्याच फटक्यावर, समोरून दिसत असताना गेला असेल तर नजर किंवा उभं राहायची जागा चुकली. अडवून परत आलेल्या बॉलवर गेला असेल तर दादा खाली पडून वेळेत उठला नाही, किंवा बॉल साफ करायला त्याच्या जवळ आपलं कुणी नव्हतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वय झालेल्या गोलकीपरचं आधी काय जातं, हे मला माहीत आहे. खाली पडणं जात नाही, उठणं जातं. उजवीकडं झोपून आडवं पडलं की बॉल डावीकडं सरकतो, आणि तो दुसरा धक्का मांडीतून निघत नाही. पेनल्टी कॉर्नरला पहिला फ्लिक पॅडवर घेणं ३८ व्या वर्षीही जमतं. पॅडवरून सुटलेला बॉल पुन्हा लाथेनं बाहेर काढणं जड जातं. आणि पायांमधून जाणारा गोल बहुतेकदा पाय उशिरा मिटल्यामुळं जातो, तिथं वयाला दोष द्यायला जागा आहे. म्हणजे तुमच्या सेमीफायनलचा हिशेब माझ्या मते असा: पायांमधला गोल पूर्ण दादाचा. रिबाउंडचा अर्धा दादाचा. कॉर्नरला गोललाइनमागं गोलकीपर धरून पाच माणसं उभी असतात. बाकीचे चौघे तेव्हा काय करत होते? तुम्ही स्वतः फुलबॅक होता, तुम्हाला हे मी शिकवायला नको.

जे वयाबरोबर वाढतं तेही वहीत लिहा. कॉर्नरला पहिल्यांदा कुणी धावायचं, कुठल्या पोस्टवर कुणी थांबायचं, समोरचा इंजेक्टर बॉल ढकलायच्या आधी कुठं बघतो, हे सगळं ओरडून सांगणारा आवाज. गोल फक्त ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच असतो. फ्लिक ‘डी’च्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या टोकावरून येतो, म्हणजे साधारण साडेचौदा मीटरवरून. मोठ्या स्पर्धांत तो ताशी १०० किलोमीटरच्या वर जातो आणि गोलकीपरला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात बघून, ठरवून, हलणं कुणालाच जमत नाही. आधी ताडायला लागतं. ताडणं १९ व्या वर्षी येत नाही.

भारताचा गोलकीपर पी. आर. श्रीजेश याचं उदाहरण तुमच्या कमिटीत नक्की निघालं असेल, जुन्यांच्या बाजूनं. टोकियो ऑलिंपिकच्या कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध ५-४ असताना शेवटच्या काही सेकंदांतला पेनल्टी कॉर्नर त्यानं अडवला. ४१ वर्षांनी हॉकीत पदक आलं, तेव्हा तो ३३ वर्षांचा. पॅरिसला २०२४ मध्ये तो ३६ चा. उपांत्यपूर्व फेरीत ब्रिटनविरुद्ध अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं, आपण ४० मिनिटांहून जास्त वेळ दहा जणांनी खेळलो, १-१ अशी बरोबरी धरली आणि शूटआऊट, म्हणजे एकेक खेळाडू विरुद्ध एकटा गोलकीपर, ४-२ नं जिंकलं. मग स्पेनला २-१ नं हरवून पुन्हा कांस्य. जुने लोक इथंच थांबतात आणि म्हणतात, बघा, वय काय असतं!

पण त्या गोष्टीचा दुसरा भाग कुणी सांगत नाही. टोकियोनंतरच्या काळात भारतीय संघानं कितीतरी सामन्यांत श्रीजेश आणि दुसरा गोलकीपर कृशन पाठक यांना क्वार्टर, म्हणजे सामन्याचे चार भाग, वाटून दिले. एका क्वार्टरला हा, पुढच्याला तो. त्यामुळं श्रीजेशचे पाय शिल्लक राहिले आणि पाठकला सामन्यातली तापलेली हवा मिळाली. श्रीजेशनं आपली ही शेवटची स्पर्धा असं पॅरिसला जायच्या आधीच स्वतः जाहीर केलं होतं. तो गेल्यावर १६ नंबरचा शर्ट सीनियर संघात पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं हॉकी इंडियानं ठरवलं, आणि त्याला ज्युनियर संघाचा कोच केलं. आपल्या तालमीत हेच चालतं की. लढत थांबली की पैलवानाला कुणी दुसऱ्या तालमीला देऊन बदल्यात बदाम घेत नाही. तो वस्ताद होतो, आखाड्याच्या कडेला बसतो, आणि एक डाव स्वतःकडं राखून ठेवतो.

तुम्ही दादाला क्वार्टर वाटून द्याल असं म्हणालात तर मी विचारेन, कसं? तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय: किट एकच आहे.

थोडा वेळ इथं थांबू, कारण माझ्या मते तुमचा सगळा घोळ त्या किटमध्ये आहे. एक किट म्हणजे सरावाला दोन गोलकीपर आणि पॅडची एक जोडी. दादा पॅड बांधतो आणि पोरगा गोलच्या मागं उभा राहून बॉल गोळा करतो. दादा दमला की शेवटची दहा मिनिटं पोरगा आत जातो. तोपर्यंत फ्लिक मारणारी पोरं दमलेली असतात, अंधार पडत आलेला असतो, आणि दादाच्या मापाचे पट्टे पोराच्या पोटरीवर सैल. पॅड फिरतो, बुटावरचा किकर निसटतो. हातमोजा घामानं ओला. मला सांगा, तो पोरगा चपळ आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? पळताना बघून. किट अंगावर चढवून तो किती चपळ आहे, हे तुमच्या क्लबात अजून कुणालाच माहीत नाही. त्याला स्वतःलाही नाही. आणि बिनकिटाच्या माणसावर भर ताकदीनं फ्लिक मारायला कुठल्याही शहाण्या खेळाडूचा हात उचलत नाही, त्यामुळं एरवीही त्याचा सराव झालेला नाही.

समोरच्या संघानं हे बरोबर ओळखलं. म्हणून त्यांनी ड्रॅगफ्लिकरच्या वर किट ठेवलं. तुमची दुखती नस दाबली त्यांनी.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुम्ही विचाराल, ताई तुम्हाला काय कळतं यातलं. कॉलेजात मी दोन वर्षं गोलकीपर होते. शहर फुटबॉलवेडं. शाहू स्टेडियमवर माणसं भिंतींवर चढून सामने बघायची आणि आमच्या हॉकीला सहा माणसं, त्यातले दोन स्टिका बघायला आलेले. पण आम्हाला फरक पडत नव्हता. तिसऱ्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्याच्या दिवशी मी सकाळी मैदानावर गेले. माझे पॅड एका दुसऱ्या मुलीच्या पायाला होते. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आमचे प्रशिक्षक लांब उभे राहून कुणाशी तरी बोलत होते, आणि माझ्याकडं पाठ केली होती. ती मुलगी खाली वाकून पट्टे ओढत होती. पट्टे माझ्या पोटरीच्या मापाला भोकं पाडलेले, तिला बसत नव्हते, आणि ती रडवेली झाली होती. मग मीच गुडघ्यावर बसले, खिळ्यानं नवीन भोक पाडलं आणि तिचे पॅड बांधून दिले.

ती माझ्यापेक्षा चांगली होती. मी हे आज म्हणते असं नाही, त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांतच मला ते दिसलं. मला बसवण्याचा निर्णय बरोबरच होता. पण त्यानंतर मी स्टिक हातात धरली नाही. निर्णयामुळं नाही धरली असं नव्हे, त्या पाठीमुळं नाही धरली. तुमच्या दादाला तुम्ही पाठ दाखवत आहात, एवढंच मला म्हणायचंय.

आता तुमचे तरुण जे म्हणतात, भावना बाजूला ठेवा. बरं, ठेवू. कोरडा व्यवहार बघू. दादा समोरच्या संघात गेला तर तुमच्या पेनल्टी कॉर्नरचे सगळे डाव त्याला पाठ आहेत. कोण वरून मारतो, कोण पायाकडं मारतो, तुमचा कॅप्टन शूटआऊटला उजवीकडंच वळतो की नाही, हे सगळं १९ वर्षं त्यानं सरावाला समोरून बघितलंय. शूटआऊटला प्रत्येकाला आठ सेकंद असतात. त्यातले पाच सेकंद दादा वाचवेल, कारण तुमचा माणूस काय करणार हे त्याला आधी कळलेलं असेल. त्याच जिल्ह्यात, त्याच स्पर्धांत, वर्षातून दोन-तीनदा तुम्ही त्याच्यासमोर उभे राहणार. हा तोटा तुमच्या व्यवहारात कुठं धरलाय?

आणि तुमच्याकडं मागं राहणार कोण? मोठे सामने न खेळलेला एक पोरगा, आणि त्याला शिकवायला कुणी नाही. कोच फॉरवर्डचा असेल तर गोलकीपरला शिकवत नाही, ‘उभा राहा तिकडं’ एवढंच म्हणतो. मी दोन्ही बाजूंनी बघितलंय, गोलकीपर गोलकीपरकडूनच शिकतो.

ड्रॅगफ्लिकरचा मोह मला समजतो. आजची हॉकी कॉर्नरवर जिंकली जाते, आणि ज्या संघाकडं फ्लिकर नाही त्याला कॉर्नर मिळूनही डोकं खाजवत बसावं लागतं. पण तो २० वर्षांचा पोरगाही माणूसच आहे. त्याला तुमच्याकडं यायचं असेल तर तो हंगामाअखेर स्वतःच्या सहीनं येऊ शकतो. त्याला भेटा, त्याच्या घरच्यांना भेटा, तुमच्याकडं काय मिळेल ते खरं सांगा. आला तर आला. नाही आला तर तुमच्याच पोरांतला एखादा लांब हाताचा, मजबूत कमरेचा शोधा आणि त्याला रोज ५० फ्लिक मारायला लावा. वर्षभरात काही ना काही निघतं. मात्र फ्लिक मारायला समोर किट घातलेला गोलकीपर लागतो, म्हणजे आपण परत तिथंच आलो.

तेव्हा दुसरं किट घ्या. किंमत ऐकून वर्गणीदार पाणी मागतील हे मला माहीत आहे. गणपतीला मंडळ डॉल्बीवर जेवढं उडवतं त्यातला तुकडा पुरेल, पण तो विषय काढला तर माझं अर्धं सदर त्यातच जाईल. एकदम नाही जमलं तर आधी हेल्मेट, चेस्ट गार्ड आणि पॅड घ्या, बाकीचं पुढच्या वर्षी. जुने खेळाडू जे म्हणतात मैदानावर पाय ठेवणार नाही, त्यांच्याकडं पावतीपुस्तक घेऊन जा. दादावरचं प्रेम पावतीवर लिहायला सांगा.

किट आल्यावर लीगच्या सामन्यांत पोराला आणि दादाला क्वार्टर वाटून द्या. सुरुवातीला पोराला दुसरा आणि तिसरा. मग वहीत दोघांचे गोल आणि अडवलेले बॉल वेगवेगळे लिहा. दहा-बारा सामन्यांत तुम्हाला दिसेल. पोरगा तयार दिसला तर त्याला पहिला गोलकीपर करा, दादा दुसरा. नाही दिसला तर दादा आहेच. मला विचाराल तर वर्षभरात पोरगा पुढं जाईल, कारण दादाची मांडी काही परत विशीची होणार नाही.

आता सांगायचं कसं. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. कमिटीच्या बैठकीत तर नाहीच, तिथं दादा उठून जाईल आणि त्याच्या मागं चौघे. घरीही जाऊ नका, वहिनींसमोर आणि पोरांसमोर माणसाला स्वतःच्या मनासारखं बोलता येत नाही. सरावानंतर सांगा. गोलकीपर मैदानावरून नेहमी शेवटी जातो, कारण त्याचे पट्टे सुटायला वेळ लागतो. बाकीची पोरं गाड्या काढून गेली की त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. खुर्ची घेऊ नका. एका पॅडचे पट्टे तुम्ही सोडा, दुसऱ्याचे तो सोडेल. आणि सरळ बोला. असं काहीतरी:

“दादा, त्यांनी तुला मागितलंय. बदल्यात फ्लिकर आणि किट देतो म्हणतात. मी आधीच सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं. आम्ही तुला द्यायचा नाही, कारण तू द्यायची वस्तू नाहीस. पण पुढच्या वर्षी गोलमध्ये तुझ्याबरोबर पोरगापण उभा राहील, आणि तो तुझ्यापेक्षा बरा दिसला तर तोच पहिला. त्याला तयार तू करायचंस. आणि तुलाच तिकडं जाऊन दोन वर्षं पूर्ण खेळायचं असेल तर तेही सांग, ना हरकत मी स्वतः लिहून देतो.”

शेवटचं वाक्य गिळू नका. ते खरंच म्हणायचं. ३८ व्या वर्षी माणसाला बाकावर बसून वस्ताद होण्यापेक्षा अजून दोन हंगाम पूर्ण खेळावं असं वाटू शकतं, आणि तो हट्ट चुकीचा नाही. इटलीचा दिनो झॉफ १९८२ ला ४० व्या वर्षी कॅप्टन म्हणून फुटबॉलचा वर्ल्ड कप उचलून गेला, गोलकीपरच होता तोही. दादा जातो म्हणाला तर वाद घालू नका. शाल घाला, नारळ द्या, फोटो काढा, आणि बदल्यात काही घेऊ नका. किटसुद्धा नाही. ते घेतलंत की रुमालाखालचा हात पुन्हा दिसायला लागेल. मग तो समोर उभा राहिला की शूटआऊटला तुमच्या कॅप्टनला डावीकडं वळायला शिकवा, बस.

तो गप्प बसेल बहुतेक. फौंड्रीत काम करणारी माणसं बोलायच्या आधी बराच वेळ हातांकडं बघतात. तुम्ही मध्ये बोलू नका.

हे याच आठवड्यात करा. तोवर समोरच्या संघाच्या माणसाला एवढंच कळवा की आमच्या गोलकीपरशी तुम्ही थेट बोला, आमच्याकडून अडवणूक नाही. कमिटीला ठराव वगैरे करायला लावू नका, ठराव केला की त्यावर मतं पडतात आणि मतं पडली की दोन्ही तट वर्षभर ती मोजत बसतात.

आणि नवीन किट येईपर्यंत जुन्याचे पट्टे बदलून घ्या. सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून वेळ मारून नेलेली असणार, मला खात्री आहे. ट्यूब ओली झाली की सुटते. चप्पल लाइनीत कुणाकडंही पॅड घेऊन गेलात तर चामड्याचा पट्टा दुहेरी शिवून मिळतो. भोकं मात्र दोन मापांची पाडायला सांगा, एक ओळ दादाची आणि एक ओळ पोराची.

– ताई